थाई नोंद, महिना चौथा: 'क्लाइ'ची गाठ निम्मी सुटली

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की 'क्लाइ' हा छळणारा थाई शब्द दोन दिवसांत हातावेगळा करून आकड्यांकडे वळते. त्याला तीन आठवडे झाले. आकडे आहेत तिथेच आहेत.

थाईत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. 'क्लाइ' पडत्या सुरात म्हटलं की 'जवळ', मधल्या सुरात सपाट म्हटलं की 'लांब'. बाकी शब्द तोच. गेल्या शनिवारी बँकॉकच्या ऑन नुट स्टेशनच्या जिन्याखाली नारिंगी जाकिटवाल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला शिंपिणीच्या दुकानाचं नाव दाखवलं आणि विचारलं, 'क्लाइ माइ खा?', माझ्या मते 'जवळ आहे का?' तो म्हणाला, 'माइ क्लाइ.' मी ऐकलं 'जवळ नाही', आणि मागे बसले. एक वळण घेतलं तर दुकान समोर. तो 'लांब नाही' म्हणाला होता, कारण मी विचारलंच होतं 'लांब आहे का'. बोलतानाही चुकलं आणि ऐकतानाही. वीस बाटचं काही नाही, पण चार महिने घासल्यावर जवळ आणि लांब कळू नये, याचं त्या रात्री फार वाईट वाटलं.

मग प्रात (Praat) हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर उघडलं. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, पण सूर शिकणाऱ्या प्रत्येकाने लॅपटॉपवर घ्यावंच असं माझं मत आहे. आवाज दिला की स्वराची निळी रेघ काढून दाखवतं. ख्रूंचा, म्हणजे माझ्या थाई शिक्षकांचा, 'जवळ' वर सुरू होतो आणि धाडकन खाली येतो. माझी रेघ पहिल्या अक्षरापासून हळूहळू वर चढत गेलेली. तेव्हा दुखणं सापडलं. मी शब्द चुकत नव्हते, मी मराठीत प्रश्न विचारत होते. आपण विचारायचं ठरवलं की आवाज आधीपासूनच वर जायला लागतो, आणि त्या चढणीत पडता सूर पडतच नाही. थाईत विचारायचं काम शेवटचा 'माइ' करतो, जसं आपल्याकडे 'का' करतो. त्याच्या आधीचं सगळं साध्या विधानासारखं ठेवायचं.

हे कळलं तरी तोंडात बसेना. बसलं ते 'खा'मुळे. बायकांना वाक्याच्या शेवटी आदराचा 'खा' लावायचा असतो: विधानाला पडता, प्रश्नाला वरचा. माझा विधानाचा 'खा' ख्रूंनी एकदाही दुरुस्त केलेला नाही. दुकानात, लिफ्टमध्ये, फोनवर शंभरदा ऐकून तो आपोआप बसला आहे. म्हणजे पडता सूर पहिल्या आठवड्यापासून माझ्या तोंडात होताच! मग 'खा, क्लाइ, खा, क्लाइ' असं पंधरा मिनिटं म्हटलं. त्याच घसरगुंडीवर पाचचा 'हा', भाताचा 'खाव', नकाराचा 'माइ' असे एकेक सोडले. प्रातमध्ये रेघ पडली! मी ती चित्र म्हणून जपून ठेवली आहे. पुरुषांना 'ख्राप' लावायचा असल्याने ही घसरगुंडी मिळत नाही, त्यांनी घरातल्या बाईचा 'खा' उसना घ्यावा.

ऐकणं मात्र अजून कच्चं आहे. त्यातून बँकॉकच्या घाईच्या बोलण्यात 'ल' गळतो आणि 'क्लाइ'चा नुसता 'काइ' होतो. मंगळवारी दहा वेळा ओळखायला बसले, सहा बरोबर आले.

एक सुखाची गोष्टही सांगते. कोपऱ्यावरच्या मावशींकडे 'माइ साइ काइ, साइ खाइ' म्हटलं, म्हणजे कोंबडी घालू नका, अंडं घाला. दोन्हींचा सूर खालचाच, फरक फक्त क आणि ख चा. वर्गातल्या इंग्रज मुलीला तो महिनाभर छळतोय, आपल्याला तो बालवाडीत मिळालाय. ताटात अंडंच आलं, कोंबडी नाही. शाकाहाराला थाईत 'मांग्सविरात' म्हणतात, मांस आणि विरती. हा शब्द कळला तेव्हाही असाच आनंद झाला होता.

लिपी दिवाळीनंतर घ्यायची असं ठरलं होतं. आता नाही. माझ्या वाक्यांच्या पुस्तकात भात, बातमी, पांढरा, गुडघा, तो आणि आत जाणे या सगळ्यांना रोमनमध्ये एकच 'खाव' छापलंय. त्यावरून अंकी या पाठांतराच्या ॲपमध्ये केलेली दोनशे कार्डं काल पुसून टाकली. लिपीत सूर लिहिलेला असतो. खुणांची नावं ऐका: माइ एक, माइ थो, माइ त्री, माइ चत्तवा. एक, दोन, तीन, चार! 'जवळ'वर माइ थो आहे, 'लांब'वर काहीच नाही.

आणि हे लिहितानाच दुसरं लक्षात आलं. थाई व्यंजनांचे ते तीन गट, मध्य, उच्च, नीच, ज्यांवरूनही सूर ठरतो आणि ज्यांना थाई शिकणारे आपण सगळे घाबरतो, ते म्हणजे शाळेतला वर्गांचा तक्ता आहे. क, च, ट, त, प मध्य. ख, छ, ठ, थ, फ उच्च. प्रत्येक वर्गातलं तिसरं, चौथं आणि अनुनासिक नीच. श, ष, स तिन्ही उच्च, उच्चार मात्र तिन्हींचा स. य, र, ल, व नीच. थाईने मधे काही अक्षरं घुसवली आहेत, पण सांगाडा हाच. तिसऱ्याचा उच्चार आता ख, थ, फ असा होतो, म्हणून नगरचं 'नखॉन' झालं आणि गुरूचं 'ख्रू'. संस्कृत शब्दात ग किंवा द दिसला की गट नीच, पाठांतर नको.

त्यामुळे आकडे पुन्हा पुढे ढकलले. आज रात्री क वर्गाची कार्डं करते, सोमवारी ख्रूंकडून तपासून घेते. वाघ, सदरा आणि चटई यांचा 'सुआ' अजून जसाच्या तसा अडलेला आहे. कोणाचा सुटला असेल तर कसा, ते कळवा.