शापिंगबा पार्क, चोंगचिंग: संरक्षित वारसा, आत जायला मनाई

चीनमधल्या चोंगचिंगला आलेला माणूस इमारतीच्या पोटातून जाणारी मेट्रो बघतो आणि हॉटपॉट खाऊन रडतो. दोन्ही झालं. गर्दी असह्य, तिखट त्याहून. आता पार्काबद्दल.

शापिंगबा पार्क म्हणजे साधी बाग. तळ्यात होड्या, झाडाखाली आजोबांचे पत्ते, स्पीकर लावून आज्यांचा नाच. एका कोपऱ्यात मात्र उंच भिंत आणि कुलूपबंद दार. आत रेड गार्डांची, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत उतरलेल्या पोरांच्या फौजेची, दफनभूमी आहे.

मे 1966 मध्ये बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठाच्या शाळेतल्या पोरांनी पहिली रेड गार्ड संघटना काढली. 18 ऑगस्टला तिएनआनमेनवर एका शाळकरी मुलीने माओच्या दंडाला लाल पट्टी बांधली, तो फोटो देशभर गाजला. ती ज्या शाळेची, तिथल्याच विद्यार्थिनींनी 5 ऑगस्टला आपल्या उपमुख्याध्यापिका ब्येन चोंगयुन यांना मरेपर्यंत मारलं होतं. पुढे वर्ग बंद, रेल्वे फुकट, आणि पोरं क्रांती करत गावोगाव.

मास्तरांना मारून झाल्यावर 1967 मध्ये ती एकमेकांवर उठली. चोंगचिंगमध्ये त्यांचे दोन गट पडले, आणि दोन्ही माओचंच नाव घेत होते. त्यात हे शहर शस्त्रांच्या कारखान्यांचं, म्हणजे भांडण लाठ्याकाठ्यांवर थांबणार कसलं? बंदुका आल्या, तोफा आल्या, रणगाडेसुद्धा. मेलेल्यांपैकी त्यातल्या '8.15' नावाच्या गटाचे इथे पुरलेत: कारखान्यातले कामगार आणि शाळेतली पोरं, काही तर जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. सोबत्यांनी त्यांना हुतात्मा ठरवून स्मारकं बांधली. दाराच्या फटीतून मला काळवंडलेले दगड आणि रानटी वेली, एवढंच दिसलं.

2009 मध्ये या जागेला संरक्षित वारसा ठरवलं. संरक्षण कुणापासून, ते त्या कुलपाला विचारा. छिंगमिंगला, म्हणजे त्यांच्या पितरांच्या सणाला, नातेवाइकांपुरतं दार उघडतात म्हणे. मी फटीला डोळा लावलेला पाहून रखवालदाराने हातानेच हाकललं, वर तळ्याकडे बोट दाखवलं. होडीत बसा!

चिडून मेट्रोने त्सिचिखोऊच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे माओचे बिल्ले आणि त्याच्या वचनांची लाल पुस्तकं पोत्याने विकायला. नव्याला जुनाट रंग दिलेला, घासाघीस केली की भाव अर्ध्यावर. त्या काळाचा माल हवा तेवढा घ्या. त्यात मेलेली पोरं तेवढी बघायची नाहीत. मी काही घेतलं नाही. दुकानदारीण मागून ओरडत राहिली, आणखी स्वस्तात देते म्हणून.