लग्नातला फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवा

तुळशीचं लग्न लागलं की आमचा मोसम सुरू होतो. त्याच्या आधी मी सगळे फ्लॅश कपाटातून बाहेर काढते, बॅटऱ्या चार्जिंगला लावते, लांबचा फ्लॅश कॅमेऱ्यावरून पेटवणाऱ्या ट्रिगरचे कॉन्टॅक्ट पुसते, छत्र्यांच्या काड्या तपासते. याच दिवसांत लग्नाची कामं नव्याने घेऊ लागलेल्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, लेन्स कुठली घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. लेन्स थांबू दे. आधी एक फ्लॅश घे, त्याचा ट्रिगर घे, एक स्टँड आणि पांढरी छत्री घे. आणि तो फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून खाली उतरव.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते, ते नवरीच्या चेहऱ्याकडे जवळून पाहिलं की कळतं. कपाळावरून दोन्ही गालांवर मुंडावळ्या सुटलेल्या असतात, नाकात नथ, हळदीने त्वचा तुकतुकीत झालेली. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या दिशेनेच उजेड टाकतो, त्यामुळे पडलेली सावली नेमकी वस्तूच्या मागे जाते आणि आपल्याला दिसतच नाही. सावली नाही म्हणजे उठाव नाही. नथीचे मोती एकमेकांत मिसळतात, कपाळ चमकतं, आणि शालूच्या जरीचा एक सपाट पिवळा पट्टा होतो. तोच फ्लॅश बाजूने, डोळ्यांच्या थोडा वरून टाका. पदरावरचा मोर धाग्याधाग्याने दिसायला लागतो.

पण नुसता बाजूला नेऊनही भागत नाही. फ्लॅशचं तोंड जेमतेम तळहाताएवढं. एवढ्या लहान उजेडाने मुंडावळ्यांच्या काळ्या रेघा गालावर उमटतात आणि त्या नंतर कॉम्प्युटरवर पुसत बसणं म्हणजे रात्र घालवणं. म्हणून छत्री. मीटरभर रुंद छत्री दोन-अडीच मीटरवर असली की त्या रेघा विरघळतात, मोत्याखाली फक्त हलकी छटा उरते. तीच छत्री सहा मीटरवर नेली तर नवरीच्या जागेवरून ती लहान दिसते आणि रेघा परत येतात. मऊ उजेड छत्रीच्या कंपनीवर ठरत नाही. ती किती मोठी आणि किती जवळ, यावर ठरतो.

छताकडे फ्लॅश उडवून उजेड खाली आणायची पद्धत जुनी आणि चांगली आहे, घरातल्या साखरपुड्याला मी आजही तेच करते. पण कार्यालयात छत एक तर पत्र्याचं आणि खूप उंच, नाहीतर खाली गुलाबी-जांभळं कापड ताणलेलं. त्या कापडावरून परतलेला उजेड गुलाबीच येतो आणि अख्खं वऱ्हाड गुलाबी होतं.

आता अक्षतांकडे येते. माझ्या मते मराठी लग्नात फ्लॅशचं खरं काम इथे आहे.

अंतरपाट धरलेला आहे, दोन्हीकडे मामा मागे उभे आहेत, करवल्या शेजारी. मंगलाष्टका सुरू. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी "शुभमंगल सावधान" आलं की अक्षता पडतात. म्हणजे शेवटच्या क्षणाची तालीम वऱ्हाडच आपल्याकडून करून घेतं. पहिल्या "सावधान"ला मी उजेड बघते, दुसऱ्याला पाठीमागच्या फ्लॅशची ताकद ठरवते, आणि "तदेव लग्नं सुदिनं तदेव" ऐकू आलं की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरून नजर काढून फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये. त्यानंतर अंतरपाट खाली जाणार, अक्षतांचा सगळ्यांत मोठा वर्षाव होणार आणि वाजंत्री सुरू होणार. तेव्हा बटणं चाचपायला वेळ नसतो.

हवेतला तांदळाचा दाणा सेकंदाला पाच मीटर वेगाने येतोय असं धरा. १/२०० सेकंदाच्या शटरमध्ये तो अडीच सेंटीमीटर सरकतो. फोटोत त्याची रेघ येते. दाणा गोठवायचं काम शटरचं नव्हे, फ्लॅशचं. आपल्या हातातले बॅटरीवरचे फ्लॅश पूर्ण ताकदीला साधारण १/३०० सेकंद पेटतात आणि सगळ्यांत कमी ताकदीला १/२०,००० सेकंद, असे आकडे बऱ्याच मॉडेलांच्या माहितीपत्रकांत दिलेले असतात. या फ्लॅशमध्ये ताकद कमी करणं म्हणजे उजेड मंद करणं नव्हे. पेटलेली नळी लवकर विझवणं. म्हणून ताकद जितकी कमी, तितका लखलखाट छोटा. १/३०० सेकंदात आपला दाणा दीड सेंटीमीटरच्या वर जातो, १/२०,००० सेकंदात पाव मिलिमीटर.

यातून एक गोष्ट हाती लागते, आणि तिच्यासाठीच मी दोन लहान फ्लॅश बाळगते. एक फ्लॅश पाव ताकदीवर लावण्याऐवजी दोन फ्लॅश एकाच छत्रीत प्रत्येकी १/८ वर लावले तर उजेड तेवढाच मिळतो, पण दाणे जास्त कोरीव येतात. शिवाय दोघेही पटकन पुन्हा भरतात, त्यामुळे एका वर्षावात सलग फ्रेम मिळतात. पूर्ण ताकदीवर लिथियम बॅटरीचा फ्लॅशसुद्धा पुन्हा भरायला दीडेक सेकंद घेतो. दीड सेकंदात अक्षता जमिनीवर पोचलेल्या असतात.

तिसरा फ्लॅश पाठीमागे. नवरीच्या मामांच्या डोक्याच्याही वर, आठेक फूट उंच, तिरका, बिनछत्रीचा, १/१६ वर. अक्षतांना कडेने उजेड लागला नाही तर पांढऱ्या झब्ब्यांच्या पार्श्वभूमीवर त्या हरवतात. मागून उजेड आला की एकेक दाण्याला धार येते, कुंकवाचे लाल दाणे वेगळे कळतात, नवरदेवाच्या फेट्याची कड उजळते. हा फ्लॅश लेन्समध्ये डोकावू नये म्हणून त्याच्या एका बाजूला काळ्या कार्डाचा तुकडा वेल्क्रोने लावलेला असतो.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेच्या अशाच क्षणिक लखलखाटाने धावती यंत्रं, उडती गोळी, पडता थेंब थांबवून दाखवले. दुधाच्या थेंबाने उसळलेला मुकुट दाखवणारा त्यांचा १९५७ सालचा रंगीत फोटो अनेकांनी पाहिलेला असेल. बोहल्यावर अंधुक उजेडात हवेत थांबलेल्या अक्षता बघताना मला त्यांची आठवण येते आणि मनापासून कृतज्ञ वाटतं.

फ्लॅशच्या फोटोत एकाच चौकटीत दोन एक्स्पोजर असतात, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं. कार्यालयातला उजेड शटर उघडं असेपर्यंत आत येत राहतो. फ्लॅश मात्र मधेच एका निमिषात येऊन जातो, त्यामुळे शटरचा वेग बदलून त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. शटर हॉलसाठी, फ्लॅशची ताकद माणसांसाठी. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड (एफचा आकडा), आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता, दोघांवर चालतात. विधींच्या वेळी मी १/१०० सेकंद, एफ ४, आयएसओ ८०० पासून सुरुवात करते. हॉल एक-दीड स्टॉप अंधारा राहतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), पण मांडवाची सजावट दिसते. १/१०० च का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० मध्ये एक लुकलुक पूर्ण बसते आणि फोटोत आडवे पट्टे येत नाहीत. अक्षतांना मात्र मी १/२०० आणि एफ ५.६ करते. हॉल आणखी काळोखा होतो, म्हणून हॉलच्या उजेडाने उमटणारी दाण्यांची शेपटीही जवळजवळ नाहीशी होते.

रंगाचं थोडक्यात सांगते. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा, कार्यालयातले दिवे पिवळे. फ्लॅशवर नारिंगी जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक कागदाचा, तुकडा चिकटवा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला धरायचा ती सेटिंग, दिव्यांना जुळवून घ्या. नाहीतर नवरी पांढरीफटक आणि मागचं वऱ्हाड काविळीचं दिसतं. सजावटीच्या निळ्या-जांभळ्या झोतांवर, म्हणजे पार लाइटवर, मात्र कोणताच जेल चालत नाही. डेकोरेशनवाल्यांना भेटून मुहूर्तापुरते ते बंद करायला सांगावं लागतं. आदराने विचारलं की बहुतेक जण ऐकतात.

ट्रिगरबद्दल लोक अंतर विचारतात. शंभर मीटर जातो का, भिंतीपलीकडे जातो का. मला त्याचं मोल वेगळ्याच कारणाने वाटतं. माझे छत्रीतले दोन फ्लॅश ए गटात, मागचा बी गटात, आणि जेवणाच्या हॉलकडच्या दारापाशी एक सी गटात असतो. कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवरून प्रत्येक गट मी वेगळा कमी-जास्त करते, बंद करते. त्यासाठी बोहल्यावर पाऊल ठेवावं लागत नाही, कुणाच्या पूजेच्या ताटाला ओलांडून जावं लागत नाही. मिरजेच्या एका कार्यालयात गुरुजी मला म्हणाले होते, "ताई, होमाच्या वेळी तो समोरचा झोत डोळ्यांवर येतो हो, मंत्र म्हणताना दचकायला होतं." मी जागेवरूनच ए बंद केला आणि बी १/३२ वर आणला. होमाचा धूर मागूनच उजळतो, समोरून त्याच्यावर उजेड टाकला तर तो दिसतही नाही. तेव्हापासून होमाला आणि सप्तपदीला माझा समोरचा गट बंदच असतो. समोरून चेहऱ्यावर येणारा उजेड अग्नीचाच असावा, असं मला वाटतं.

टीटीएल, म्हणजे फ्लॅशने स्वतःच ताकद ठरवणं, मी फक्त वरातीत वापरते, कारण तिथे अंतर सतत बदलतं. बोहल्यावर सगळं हातानेच. टीटीएलमध्ये आधी एक बारीक लखलख होते, तिच्यावरून कॅमेरा हिशोब करतो. समोर जरीचा शालू आला की तो हिशोब वेगळा, काळी शेरवानी आली की वेगळा. एकामागून एक फ्रेम गडद-फिकट होत जातात आणि अल्बमला बसवताना जीव जातो. त्यात त्या पहिल्या लखलखीला पापणी मिटणारी एखादी आत्या प्रत्येक घरात असतेच. नवरा-नवरी दोन पाटांवर उभे आहेत, फ्लॅश स्टँडवर आहे. अंतर बदलत नाही, तर ताकद का बदलावी?

जुन्या वायरलेस पद्धती उजेडावर चालायच्या. २००३ च्या सुमारास निकॉनने जी पद्धत आणली तीत कॅमेऱ्याकडचा फ्लॅश लुकलुकून दुसऱ्याला हुकूम द्यायचा. मधे खांब आला किंवा कडक ऊन असलं की निरोप पोचायचा नाही. कॅननने २०१२ मध्ये फ्लॅशच्या आतच रेडिओ बसवला. आज आपल्याकडे बहुतेकांच्या बॅगेत दिसणारे गोडॉक्स कंपनीचे फ्लॅशही २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर चालतात. त्यामुळे छत्रीमागे, खांबाआड, झेंडूच्या तोरणात कुठेही फ्लॅश लपवता येतो.

पण रेडिओमुळे एक नवी गंमत होते, आणि ती प्रत्येक मोठ्या लग्नात होते. मुलाकडचा फोटोग्राफर वेगळा, मुलीकडचा वेगळा. दोघांकडे एकाच कंपनीचे ट्रिगर, दोघेही चॅनेल एकवर, कारण डब्यातून निघतो तो तसाच. त्याने बटण दाबलं की माझे फ्लॅश उडतात, आणि मला हवे तेव्हा ते भरत बसलेले असतात. म्हणून पोचल्यावर चहाच्या आधी मी समोरच्याला गाठते.

"दादा, कुठल्या चॅनेलवर आहात?"

"एकवरच हाय की."

"मग मी अकरावर जाते. आयडी पण लावते."

एवढ्याने काम होतं. चॅनेल ३२ आहेत आणि वर ०१ ते ९९ पैकी आयडी लावता येतो. आयडी लावून ठेवलात तर शेजारच्या लॉनवरचं लग्नही तुमच्या आड येत नाही. फ्लॅश अगदी हाताजवळ असूनही मधेच उडत नसेल तर ट्रिगरच्या मेनूत अंतराची निवड बघा. ती १ ते १०० मीटरवर असेल तर ० ते ३० करा.

भर दुपारच्या लॉनवरच्या मुहूर्ताला हे सगळं गणित उलटतं. शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की शटरच्या दोन पडद्यांपैकी दुसरा पहिल्याच्या मागोमाग निघतो, सेन्सर एकाच वेळी पूर्ण उघडा राहत नाही आणि फोटोत काळा पट्टा येतो. त्यावर एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड सिंक, हा उपाय आहे. त्यात फ्लॅश एकदाच पेटण्याऐवजी पडदे सरकेपर्यंत तुकड्यातुकड्याने पेटत राहतो. त्याने ताकद खूप घटते आणि दाणा गोठवण्याचा गुण जातो. उन्हात मला ते चालतं, तिथे १/२००० चं शटरच अक्षता थांबवतं. फक्त छत्री काढून फ्लॅश जवळ घ्यावा लागतो, किंवा २०० वॉट-सेकंदाचा मोठा फ्लॅश लागतो.

घरच्यांच्या ग्रुप फोटोला छत्री जवळ आणू नका, मागे न्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. छत्री कडेच्या काकांपासून दोन मीटरवर आणि पलीकडच्या मावशींपासून चारवर असेल, तर काका पांढरेफटक पडतात आणि मावशी अंधारात. तीच छत्री सहा मीटरवर नेली तर दोन टोकांतला फरक एका स्टॉपच्याही आत येतो. ताकद वाढवा, उंची वाढवा, मागच्या रांगेवर रोख धरा. इथे रेघा-सावल्यांची मला फिकीर नसते, आजीपासून नातवापर्यंत सगळे सारखे दिसायला हवेत.

आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी. बोहल्याभोवती पोरं पळत असतात, छत्रीला पंख्याचा वारा लागतो. पिशवी नसेल तर सोबतच्या मुलाला स्टँड धरून उभं करा, पण स्टँड मोकळा सोडू नका.

या मोसमात सांगली, मिरज, कोल्हापूरकडच्या एखाद्या कार्यालयात तुम्ही दुसऱ्या बाजूकडून आलेले असाल आणि मी दिसले, तर माझा चॅनेल ११, आयडी २७. मंगलाष्टकांच्या आधी भेटा, पाठीमागच्या फ्लॅशची जागा आपण दोघांना सोयीची पडेल अशी ठरवू.