व्हाइट पासचा घाट ओलांडून युकॉनमध्ये

जहाज स्कॅगवेच्या धक्क्याला लागलं तेव्हा बारीक पाऊस होता. बहुतेक प्रवासी दुकानांकडे वळले. आम्ही मात्र अख्खा दिवस व्हाइट पाससाठी राखून ठेवला होता: घाट ओलांडून अलास्कातून कॅनडाच्या युकॉनमध्ये जायचं. जाताना बस, परतताना कॅनडाच्या हद्दीतल्या फ्रेझर स्थानकाहून रेल्वे. भारतीय पासपोर्ट असेल तर यासाठी कॅनडाचाही व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. बुकिंग करतानाच हे बघून घ्या.

रस्ता समुद्रसपाटीवरून सुरू होतो आणि तासाभराच्या आत सुमारे 1,000 मीटर चढतो. खाली हेमलॉक आणि स्प्रूसचं ओलंचिंब रान. वर पोचलो तर रान संपलेलं! हिमनद्यांनी घासून गोल केलेले उघडे खडक, मधूनमधून काळ्या पाण्याची डबकी आणि माणसाच्या कमरेएवढी फरची झाडं. एका झाडाजवळ मी बराच वेळ थांबले. वाऱ्याच्या बाजूला एकही फांदी नाही, सगळ्या दुसऱ्या अंगाला. सगळ्यांत खालच्या फांद्या मात्र जमिनीलगत चहूकडे दाट पसरलेल्या, कारण हिवाळ्यात त्या बर्फाखाली असतात आणि वारा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

फ्रेझरला पासपोर्ट तपासले, कॅनडाच्या हद्दीत घड्याळ एक तास पुढे गेलं. वाटेत एक काळं अस्वल दिसलं, रस्त्याच्या अगदी कडेला. ड्रायव्हरने बस थांबवली, कुणाला खाली उतरू दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. अस्वल मान खाली घालून डँडेलियनची पिवळी फुलं एकेक करून खात होतं. आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

घाटापलीकडे आभाळ मोकळं झालं. पॅसिफिकवरून येणारे ढग किनाऱ्याच्या डोंगरांवरच रिते होतात, त्यामुळे आतला सगळा मुलूख पर्जन्यछायेत येतो. कारक्रॉस गावाजवळ तर चक्क वाळूच्या टेकड्या आहेत. प्राचीन हिमनदीच्या सरोवराच्या तळाची ही वाळू, आणि बेनेट सरोवरावरून येणारा वारा तिच्यात अजून भर घालतो. मुठीत घेतली तर पिठासारखी बारीक. सकाळी रेनकोट घालून निघालेली माणसं दुपारी वाळूत अनवाणी उभी होती.

तिथून थोडं उत्तरेला एमराल्ड लेक. तळाशी चुनखडीचा पांढरा गाळ आहे. उथळ भागात त्यावरून परतणारा प्रकाश पाण्याला हिरवा रंग देतो, आणि जिथे खोली वाढते तिथे तोच रंग गडद निळा होत जातो. पलीकडे डोंगरामागे डोंगर. ना वस्ती, ना धूर. इतकी मोठी आणि इतकी रिकामी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. रेल्वेची छोटी सहल नेमकी खिंडीवरूनच मागे फिरते, म्हणजे हा सगळा प्रदेश जिथे सुरू होतो तिथूनच. वेळ असेल तर लांबची सहलच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

परतताना रेल्वेत उजवीकडची खिडकी मिळवा. 3 फुटी रुंदीचा हा लोहमार्ग 1898 ते 1900 या काळात बांधला गेला. कामगार दोराला लटकून कड्यात सुरुंग लावत. खिडकीतून सोनं शोधायला निघालेल्यांची जुनी पायवाट अजून दिसते. तिच्या खालच्या घळीला डेड हॉर्स गल्च म्हणतात. 1897–98 मध्ये या वाटेवर सुमारे 3,000 ओझ्याची जनावरं मेली. खिंडीवरचे कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री, म्हणजे जवळजवळ एक टन सामान, असल्याशिवाय कुणालाही पुढे सोडत नसत. तेवढं ओझं एका खेपेत नेणं शक्यच नव्हतं, म्हणून माणसं तोच चढ पुन्हा पुन्हा चढत. त्यातले जे युकॉनमधल्या डॉसन या सोन्याच्या गावाला पोचले, ते बहुतेक 1898 च्या उन्हाळ्यात, आणि तोवर सोन्याच्या चांगल्या जागा आधी आलेल्यांनी केव्हाच नावावर करून घेतल्या होत्या.