संग्रहाच्या छायाचित्रणासाठी फिल्म की डिजिटल? माझा अनुभव

पुण्यातील एका लहान खासगी संग्रहाची सचित्र नोंदवही तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा छायाचित्रण फिल्मवर करायचे की डिजिटल, हे आधी ठरवणे भाग होते. ज्येष्ठ विश्वस्त फिल्मच्या बाजूचे होते. निगेटिव्ह उजेडासमोर धरली की पन्नास वर्षांनीही चित्र दिसते, फाइलला मात्र यंत्र, सॉफ्टवेअर आणि जाणकार माणूस असे तिन्ही लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. फक्त तो खरा ठरतो तो पॉलिएस्टर या टिकाऊ प्लास्टिकच्या पट्टीवरच्या कृष्णधवल फिल्मपुरता, तीही नीट धुतलेली आणि थंड, कोरड्या जागी ठेवलेली असेल तर. रंगीत फिल्ममधील रंग अंधारातही हळूहळू विटतात, आणि आम्हाला पैठण्यांचे रंगच नोंदवायचे होते.

संग्रहातल्याच जुन्या निगेटिव्हचा डबा उघडला तर व्हिनेगरचा उग्र वास आला आणि पट्ट्या कडांना वळलेल्या दिसल्या. या जुन्या फिल्मची पट्टी ॲसिटेट या प्लास्टिकची असते; दमट हवेत तिचे विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटते, आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते. आपल्याकडचा पावसाळा आणि साधे लाकडी कपाट यांच्यापुढे फिल्मचा टिकाऊपणा कागदावरच राहतो. शिवाय कोडॅकने कोडाक्रोम या आपल्या नामांकित रंगीत फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले, त्यामुळे वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला तीच फिल्म मिळत राहील असे कोण सांगणार?

खरा कौल दिला तो एका पितळी अडकित्त्याने. चमक घालवण्यासाठी दिव्यांवर पोलरायझिंग शीट (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारा पडदा) आणि लेन्सवर त्याच्याशी काटकोनात फिरवलेला तसाच फिल्टर लावला, तर वॉर्निश केलेल्या चित्रावर उत्तम चालणाऱ्या या युक्तीने पितळ काळवंडून निर्जीव दिसू लागले. मग फिल्टर काढून भोवती ट्रेसिंग पेपरचा आडोसा केला, दिवे त्याच्या बाहेर ठेवले आणि पात्यालगतची नक्षी उठून येईपर्यंत ते बोटबोटभर सरकवले. हे सगळे पडद्यावर पाहत करता आले. फिल्म असती तर ती धुऊन येईपर्यंत वस्तू पेटीत परत गेली असती आणि चुकलेल्या प्रकाशापायी पुन्हा बाहेर काढावी लागली असती. जुन्या वस्तूंची हाताळणी जितकी कमी तितकी बरी.

अखेर डिजिटलवर शिक्कामोर्तब झाले. प्रत्येक वस्तूसोबत चोवीस रंगांचा तक्ता, मोजपट्टी आणि नोंद क्रमांक टिपायचा, मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली माहिती) आणि सोळा बिटची, म्हणजे रंगछटांचे बारकावे जपणारी, टिफ प्रत ठेवायची, असे ठरले. या फाइलींच्या तीन संचांपैकी एक इमारतीबाहेर राहील आणि दरवर्षी चेकसम, म्हणजे फाइल बिघडली तर बदलणारे तिचे खुणेचे आकडे, ताडून पाहिले जातील. विश्वस्तांच्या आग्रहाखातर निवडक कागदपत्रांची कृष्णधवल फिल्मही काढली, आणि त्यात मला काही गैर वाटले नाही. बैठकीत खरी घासाघीस झाली ती कॅमेऱ्यावर नव्हे, तर काही वर्षांनी डिस्क बदलण्याच्या खर्चावर. हा खर्च कधी संपणार, असे खजिनदारांनी विचारले. संग्रह आहे तोवर नाही, असे मी सांगितले आणि तो वार्षिक अंदाजपत्रकात कायमचा घातला गेला.