रफार हरवला तो दिवस

नमुना हातात आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, मागांच्या खडखडाटात मी ती चादर दाराच्या उजेडाला धरली आणि पोटात गोळाच आला. पतसंस्थेचं गोल बोधचिन्ह अंड्यासारखं उभं झालं होतं. त्याखालच्या अक्षरांतला रफार नाहीसा झाला होता. ‘सुवर्णमहोत्सव’ऐवजी ‘सुवणमहोत्सव’. सभासदांना भेट द्यायच्या चादरी होत्या त्या आणि डिझाइन माझं होतं.

मुंबईत उपयोजित कला शिकून सोलापुरात परत आलो त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. तोवर लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या एवढंच केलं होतं. कॉलेजात एक सर मला नेहमी सांगायचे, “अरे, तुमच्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. पोटासाठी केलेल्या कामाने चित्रकाराचा हात बिघडत नाही.” ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. पण होर्डिंगवर ब्रश आपल्याच हातात असतो. सोलापुरात चित्र काढणारा एक आणि ते कापडावर उतरवणारा दुसरा.

तो दुसरा म्हणजे कारखान्यातले जॅकार्डचे, मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, मास्तर. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, “गोल काढलास म्हणून कापडावर गोलच येतंय असं कुटं असतंय का?”

मग त्यांनी मला मागाजवळ नेऊन भिंग हातात दिलं आणि धागे मोजायला लावले. त्या चादरीत इंचाला उभे धागे ४०, आडवे ३०. मी कंप्युटरवर वर्तुळ काढलं होतं ते १२० चौकोन रुंद, १२० चौकोन उंच. स्क्रीनवर अगदी गोल. मागावर मात्र एक चौकोन म्हणजे एक धागा, आणि १२० उभे धागे तीन इंचांत बसतात आणि १२० आडव्या धाग्यांना चार इंच लागतात. चूक मागाची नव्हती, अण्णांचीही नव्हती. मी दिलेला प्रत्येक चौकोन मागाने इमानेइतबारे विणला होता.

रफार मी एकच चौकोन जाड ठेवला होता. एकटा धागा वर येतो आणि शेजारच्या विणीत बुडतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. बोधचिन्हाच्या कडेला केशरी रंग पिवळ्यात हळूहळू विरत जाईल अशी छटा दिली होती, तिचे तर नुसते ठिपके झाले होते. मागावर जेवढ्या रंगांचं सूत चढवलंय तेवढेच रंग. मधल्या छटेसाठी सूत नसतं, ती विणीतूनच काढावी लागते आणि एवढ्याशा जागेत ती निघत नाही.

माझ्या चित्रावरून ठोकलेली कार्डं वर साखळीसारखी टांगली होती. आडव्या प्रत्येक धाग्याला एक कार्ड आणि उभा धागा उचलायचा तिथे भोक. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ साली आणलेली ही युक्ती त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळली. पण चित्रच बदललं की कार्डं नव्याने ठोकावी लागतात. तो सगळा संच वाया गेला.

दुपारभर मी अण्णांच्या टेबलाशी बसलो. त्यांच्याकडचा ग्राफ पेपर वेगळाच होता. त्यावर चौकोन नव्हतेच, उभट आयत होते, चाळीसास तीस या हिशोबाचे. त्यावर वर्तुळ १२० घरं रुंद आणि ९० घरं उंच काढलं आणि ते कागदावरच गोल दिसलं! रफार तीन घरं जाड केला. छटा काढून टाकली, तिथे सरळ केशरी भरला. अण्णा पेन्सिलने एकेक घर तपासत होते. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, “हितं धागा लांब सुटतोय. बांगडीत अडकंल बाईच्या. मधे एक टाका दे की.” चादर कोण अंगावर घेणार, तिच्या हातात काय असणार, हे चार वर्षांच्या शिक्षणात माझ्या मनात कधीच आलं नव्हतं.

पाळी संपली तरी अण्णा कार्डं ठोकत थांबले. रात्री साडेनऊला दुसरा नमुना उतरला. गोल गोल होता. त्यांनी अंगठा फिरवून रफार चाचपला आणि चादर माझ्याकडे दिली.

“अण्णा, तुमचे किती झाले?”

“मालक देतोय की पगार.”

पण पाळीनंतरचे ते तास पगारातले नव्हते, माझ्या चुकीचे होते. माझ्या कोटेशनात ‘डिझाइन’ एवढी एकच ओळ होती. नवा कार्डसंच आणि अण्णांचे जादा तास मी माझ्या रकमेतून भरले. अण्णांनी दोनदा पैसे परत केले, तिसऱ्यांदा ठेवून घेतले. पुढच्या कामापासून माझ्या कोटेशनात आधी ‘ग्राफ व कार्ड’, मग ‘नमुने, दोन’ आणि त्यानंतर ‘डिझाइन’ असतं. पहिल्या ओळीचे पैसे मास्तरांकडे जातात.