लवंगी शेव आत गेली तेव्हा

इंदुरात व्हिस्की म्हटली की सोडा, बर्फ आणि ताटलीभर लवंगी शेव, म्हणजे लवंग घातलेली. माझीही तीस वर्षं हीच रीत. भाचा अमेरिकेतून, केंटकीतल्या लुइव्हिलहून बर्बनच्या, म्हणजे तिकडच्या व्हिस्कीच्या, दोन बाटल्या घेऊन आला, तेव्हा रामबागेतल्या घरी मी नेहमीसारखीच मांडामांड केली. पहिला घोट घेतला. तिखट, कडू, छातीत जाळ. दुसराही तसाच. "काय आहे रे यात एवढं?" मी विचारलं. त्यानं शेवेची ताटली उचलून आत नेऊन ठेवली. "मामा, आज राहू द्या. उद्या जेवणाआधी, कोऱ्या तोंडानं बसू."

दातदुखीला आपण लवंगेचं तेल लावतो, कारण तिच्यातलं युजेनॉल जीभ-हिरड्या बधिर करतं. हेच युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं आणि बर्बन ज्या ओकच्या पिंपात मुरते, त्यातून तिच्यात उतरतं. म्हणजे जी चव शोधायची, तिचाच थर मी आधी जिभेवर चढवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तोंडाशी निमुळते होत गेलेले दोन ग्लास, जेमतेम ३०-३० मिली, बर्फ नाही. दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग ग्लास नाकाखाली, पण नाक आत खुपसायचं नाही आणि ओठ किंचित उघडे ठेवायचे. ओठ मिटून हुंगलं तेव्हा नुसतं स्पिरिट चढलं, डोळ्यांत पाणी आलं. ओठ उघडले आणि त्यामागचं गोड काहीतरी पुढे आलं. भाचा म्हणाला, कॅरमेल, टॉफी. मला ते पटेना. डोळे मिटले तर सराफ्यातली, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातली रात्र आठवली: दुधात शिजणारा भुट्ट्याचा कीस. आणि त्यामागे तळाला जरा लागलेली बासुंदी.

तो खूश झाला. बर्बनच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असावाच लागतो, असा अमेरिकेचा नियमच आहे. बासुंदीचा तो वास पिंपातला. ओकचं पिंप कोरं हवं आणि आतून जाळून कोळसलेलं हवं. त्या आगीनं लाकडातली साखर करपते, व्हॅनिलाचा वास सुटतो. रंगही सगळा तिथलाच, वरून काही घालायला परवानगी नाही. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपं मोठ्या संख्येनं स्कॉटलंडला जातात. माझ्या नेहमीच्या स्कॉचमधली ती पुसट गोडी कुठून येत होती, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

चवीचा पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. त्यावर मत द्यायचं नाही. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवून सावकाश गिळला, तेव्हा लवंग आणि दालचिनी स्वच्छ लागली. ही वाइल्ड टर्की, ५०.५ टक्के अल्कोहोलची. हिच्या मक्याबरोबर राय नावाचं धान्य असतं (आपली फोडणीची राई नव्हे), तिखटपणा त्याचा. पाण्याचे चार थेंब टाकले आणि जाळ ओसरून गोडी वर आली. सोड्यात बुडवून मी आजवर काय काय घालवलं, याची मनापासून हळहळ वाटली.

दुसरी बाटली मेकर्स मार्क. तिच्यात रायऐवजी गहू, म्हणून सौम्य, जवळजवळ शिऱ्यासारखी. भाच्याला ती अधिक आवडते. मला राय असलेलीच.

ग्लास त्यानं धुऊ दिले नाहीत. सकाळी पोह्यांच्या गडबडीत ताई स्वयंपाकघरात आली, ओट्यावरचा कोरडा ग्लास उचलून तिनं हुंगला आणि म्हणाली, "यात बासुंदी ठेवली होती का रे?"