एकाच टॅबलेटवर विंडोज आणि अँड्रॉइड: घ्यावा का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत जुना ड्युअल बूट (दोन्ही प्रणाली असलेला, सुरू करताना एक निवडायची) टॅबलेट स्वस्तात मिळतोय म्हणून घाई करू नका. आधी प्रोसेसर बघा. यातल्या बऱ्याच टॅबलेटमध्ये इंटेलचा अ‍ॅटम झेड ८३५० असतो आणि तो विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अँड्रॉइडही बहुधा ५.१ वरच अडकलेले असते, त्यामुळे बँकेची अ‍ॅप चालतील अशी आशा नको.

खरी अडचण जागेची. ६४ जीबीचे स्टोरेज प्रत्यक्षात ५९ च्या आसपास दिसते, तेही दोन प्रणालींत विभागलेले. ईएमएमसी (स्टोरेजची) चिप बोर्डावरच जोडलेली, बदलून मोठी टाकता येत नाही. आणि विंडोजला अँड्रॉइडचे ईएक्सटी४ विभाजन (त्याच्या पद्धतीने मांडलेला स्टोरेजचा भाग) वाचताच येत नाही. ते 'रिकामे' समजून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पुसले, की अँड्रॉइड गेलेच! सामायिक फायलींसाठी मायक्रोएसडी कार्ड एफएटी३२ मध्ये (दोन्ही प्रणालींना वाचता येणाऱ्या पद्धतीत) फॉरमॅट करा. मात्र त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

प्रणाली बदलल्यावर घड्याळ साडेपाच तास पुढेमागे झाले तर बॅटरीला दोष देऊ नका. टॅबलेटच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ साठवते, अँड्रॉइड यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ.

मार्केट यार्डातल्या गूळ व्यापाऱ्याला टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) हवी असेल, तर साधा जुना लॅपटॉपच बरा. पीडीएफ वाचायला आणि कधीमधी एक्सेल उघडायला मात्र हा टॅबलेट चालेल, ४ जीबी रॅम असेल तरच.